किरिबाटी हा देश समजून घेण्याची रीत: आधी पाणी, मग जमीन, मग माणसे

प्रशांत महासागरातील लहान देशांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि राजधानी हे तीन तपशील येतात, आणि किरिबाटीच्या बाबतीत नेमके तेच त्याची दिशाभूल करतात. क्षेत्रफळ ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून सुमारे एक तृतीयांशाने अधिक, आणि लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २० हजार, एवढे पाठ केल्यावर डोळ्यांसमोर एखादे निवांत, विरळ वस्तीचे बेट उभे राहते. प्रत्यक्षात तिथली अर्ध्याहून अधिक माणसे अत्यंत दाटीवाटीने राहतात आणि जवळजवळ निम्मी जमीन एकाच बेटाकडे आहे. या देशात जमीन किती, या प्रश्नापेक्षा पाणी कोणते, किती आणि कोठे, हा प्रश्न मोठा आहे. म्हणून येथे नेहमीचा क्रम उलटा केला आहे: आधी समुद्र, मग बेटाची घडण, मग पाऊस, मग जमिनीखालचे गोडे पाणी, आणि सर्वांत शेवटी माणसांची मोजदाद. जवळ जगाचा एक नकाशा, शक्य झाल्यास पृथ्वीगोल, थोडा दोरा आणि वही असावी.

पहिली पायरी: नकाशाची गुंडाळी करणे

आपल्या शाळांतून टांगलेल्या जगाच्या नकाशात भारत आणि आफ्रिका साधारण मध्यभागी असतात, त्यामुळे प्रशांत महासागर दोन्ही कडांवर तुटतो. किरिबाटी हा देश १८०° रेखावृत्ताच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याचे काही ठिपके नकाशाच्या उजव्या टोकाला आणि उरलेले डाव्या टोकाला सापडतात, आणि हे दोन भाग एकाच देशाचे आहेत हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. मी वर्गात हा देश शिकवतो तेव्हा भिंतीवरचा नकाशा उतरवून त्याची गुंडाळी करतो, दोन्ही कडा एकमेकींना भिडवतो आणि दोन मुलांना ती धरून ठेवायला सांगतो. मग तिसरा विद्यार्थी विषुववृत्तावर बोट ठेवून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो. हा प्रयोग वाचकाने घरी जरूर करून पाहावा, कारण त्यानंतर देशाची रचना पुन्हा विसरत नाही.

बोट सरकवताना प्रथम एकटे पडलेले बनाबा बेट लागते, त्यानंतर गिल्बर्ट बेटांची १६ कंकणद्वीपांची (बांगडीसारख्या कड्याच्या आकाराच्या बेटांची) व प्रवाळबेटांची माळ, जिच्यात राजधानी तारावा आहे. १८०° ओलांडल्यावर फीनिक्स गटातील ८ बेटे येतात आणि त्याहून बरेच पूर्वेला लाइन गटातील किरिबाटीची ८ बेटे. एकूण ३३. ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरली आहेत, त्यामुळे पृथ्वीच्या चारही गोलार्धांत भूमी असलेला हा जगातील एकमेव देश ठरतो. आता पृथ्वीगोलावर दोरा लावून बनाबापासून पूर्व टोकाच्या कॅरोलाइन बेटापर्यंत मोजावे. हे अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर भरते. तारावा आणि किरितिमाती या दोन मोठ्या वस्त्यांमधील अंतरच सुमारे ३,३०० किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या देशाच्या उत्तर-दक्षिण विस्ताराएवढे, आणि मध्ये जवळजवळ सगळा समुद्र. या समुद्रातील अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातील मासे व इतर संपत्तीवर त्याच देशाचा हक्क असतो तो भाग, सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर असून ते भारताच्या भूभागापेक्षाही मोठे आहे.

नकाशावरची आंतरराष्ट्रीय वाररेषा या देशापाशी पूर्वेकडे मोठे वळण घेते. पूर्वी ही रेषा देशाच्या मधूनच जात असल्यामुळे एका भागात सोमवार असताना दुसऱ्या भागात रविवार असे, आणि सरकारी कार्यालयांना आठवड्यात चारच दिवस समाईक मिळत. १९९५ च्या आरंभी किरिबाटीने आपली पूर्वेकडील बेटे पश्चिमेच्या वाराशी जोडून घेतली. आज तारावाची वेळ भारतापेक्षा साडेसहा तासांनी, तर किरितिमातीची साडेआठ तासांनी पुढे आहे. तिथे नवे वर्ष उजाडते तेव्हा आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. किरितिमाती आणि हवाई येथील घड्याळांत एकच वेळ असते, मात्र वार वेगळा असतो. आकडेमोड करणाऱ्यांनी हा तपशील वहीत ठळक लिहून ठेवावा.

नावांविषयी येथेच सावध करणे आवश्यक आहे. देशाचे नाव लिहिताना किरिबाटी असे लिहिले जात असले, तरी तिथले लोक ते ‘किरिबास’ असे उच्चारतात. त्यांच्या वर्णमालेत तेराच अक्षरे असून ‘स’ साठी वेगळे अक्षर नाही. ‘ट’ च्या अक्षरापुढे ‘इ’ आली की ‘ट’चा उच्चार ‘स’ सारखा होतो. ‘गिल्बर्ट्स’ या वसाहतकालीन नावाचे स्थानिक रूप म्हणजेच ‘किरिबास’, आणि ‘ख्रिसमस’चे स्थानिक रूप म्हणजे ‘किरितिमाती’, ज्याचा उच्चार ‘किरिसिमास’च्या जवळ जातो. ख्रिसमस या नावाचे दुसरे बेट हिंदी महासागरात असून ते ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे. दोघांच्या पावसाचे आणि लोकसंख्येचे आकडे एकमेकांत मिसळल्याची उदाहरणे मी स्वतः विद्यार्थ्यांच्या वह्यांत अनेकदा पाहिली आहेत. जुन्या नकाशांत ‘गिल्बर्ट आणि एलिस बेटे’ असे जोडनाव दिसते. त्यांतील एलिस बेटे वेगळी होऊन १९७८ मध्ये तुवालू हा स्वतंत्र देश झाला, आणि किरिबाटी १२ जुलै १९७९ रोजी स्वतंत्र झाला.

दुसरी पायरी: कंकणद्वीपाचा छेद काढणे

वहीत एका ज्वालामुखीचा उभा छेद काढावा, त्याच्या काठाने पाण्याखाली प्रवाळांची भिंत दाखवावी, आणि मग ज्वालामुखी हळूहळू खाली खचत असून प्रवाळ मात्र सूर्यप्रकाशासाठी वर वर वाढत आहेत, अशी तीन-चार चित्रे क्रमाने काढावीत. शेवटच्या चित्रात डोंगर पूर्ण बुडालेला असतो आणि उरते ते प्रवाळाचे कडे, मध्ये उथळ पाण्याचे लगून. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही मुळात ग्राह्य मानली जाते. आपल्याकडे लक्षद्वीप याच जातीचे असल्याने त्याची चित्रे पाहिलेल्या वाचकाला तारावाची कल्पना चटकन येईल.

या घडणीचे परिणाम फार दूरवर जातात. बेटावर दगड नाही, नदी नाही, डोंगर नाही, आणि माती म्हणजे प्रवाळाची वाळू. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच उंच असते आणि अनेक ठिकाणी तिची रुंदी इतकी कमी असते की एका किनाऱ्यावर उभे राहिल्यावर दुसरीकडच्या लाटांचा आवाज ऐकू येतो. बनाबा हा एकच मोठा अपवाद. वर उचलले गेलेले हे प्रवाळबेट ८० मीटरांहून अधिक उंच आहे. तिथे फॉस्फेट सापडले आणि १९०० पासून १९७९ पर्यंत अवघ्या सहा चौरस किलोमीटरच्या या बेटाची माती खणून दुसऱ्या देशांच्या शेतांवर खत म्हणून पसरवली गेली. बनाबाच्या लोकांना डिसेंबर १९४५ मध्ये फिजीतील राबी बेटावर नेऊन वसवण्यात आले. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात आणि किरिबाटीच्या संसदेत त्यांच्यासाठी एक जागा राखीव आहे.

प्रवाळाचे कडे आणि भरती-ओहोटी यांचा संबंध कळण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील, नोव्हेंबर १९४३ ची तारावाची लढाई अभ्यासावी. अमेरिकी सैन्य तारावातील, जपानच्या ताब्यातल्या बेटिओ या बेटावर उतरले तो दिवस भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीचा होता. पाणी अपेक्षेइतके चढले नाही, सैनिकांच्या होड्या किनाऱ्यापासून काहीशे मीटरांवर प्रवाळाच्या कड्याला अडकल्या, आणि माणसांना छातीभर पाण्यातून गोळीबारात चालत जावे लागले. तीन दिवसांत हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले, आणि काही हजारांच्या जपानी तुकडीतील फारच थोडे जिवंत उरले. कोकणातला कोणताही मच्छीमार तिथी पाहून जे सांगेल, ते हिशेबात नीट न धरल्याने ही जीवितहानी वाढली.

तिसरी पायरी: पाऊस वाचणे

तापमानासाठी फार वेळ घालवू नये. वर्षभर सरासरी सुमारे २८ अंश सेल्सिअस, आणि महिन्यामहिन्यांत फरक एखाद्या अंशाचाही नाही. वादळांबाबतही दिलासा आहे: विषुववृत्ताच्या अगदी जवळ पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांना मिळणारे वळण क्षीण असल्याने तिथे चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत, मात्र दूरच्या वादळाच्या लाटा पोचतात, जसे मार्च २०१५ मध्ये ‘पाम’ वादळाच्या लाटांनी दक्षिणेकडील तमाना आणि अरोराए या बेटांचे नुकसान केले.

खरा अभ्यास पावसाचा. उत्तरेकडील बुतारितारीत वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर, तारावात सुमारे २,००० आणि पूर्वेच्या किरितिमातीत १,००० पेक्षाही कमी पाऊस पडतो. पण सरासरीवर विसंबून राहू नये, कारण तारावात काही वर्षी तीन हजारांवर तर काही वर्षी हजाराच्याही खाली पाऊस झालेला आहे. हे चढउतार समजण्यासाठी मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे: अल निनो हा शब्द त्याला शेतीच्या बातम्यांतून आधीच ठाऊक आहे.

सर्वसाधारण वर्षी पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे समुद्राचे उबदार पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला ढकलत नेतात आणि मध्य व पूर्व प्रशांतात विषुववृत्तालगत खालचे थंड पाणी वर येते. थंड पाण्यावर ढग फारसे तयार होत नाहीत, म्हणून किरितिमाती कोरडे. अल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि पावसाचे ढग किरिबाटीच्या डोक्यावर येऊन उभे राहतात. म्हणजे जी स्थिती अनेकदा आपला मान्सून कमकुवत करते, तीच त्यांच्या टाक्या भरते. २०१५ च्या प्रबळ अल निनोत मराठवाडा कोरडा पडला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच काळात तारावात भरपूर पाऊस पडत होता. उलट ला निनाच्या, म्हणजे हे वारे नेहमीपेक्षा जोरात वाहण्याच्या, वर्षांत तिथे दुष्काळ पडतो. १९९८-९९ मध्ये तसे झाले, आणि २०२२ च्या जून महिन्यात सरकारला दुष्काळामुळे आपत्ती घोषित करावी लागली. अल निनोच्या वर्षी आपल्याकडे प्रत्येक वेळी दुष्काळ पडतोच असे नाही, १९९७ मध्ये तो पडला नाही, हेही येथे नोंदवणे योग्य. उबदार पाण्यामागोमाग ट्यूना माशांचे थवेही पूर्वेकडे सरकतात, आणि परदेशी बोटींना दिलेल्या मासेमारी परवान्यांचे शुल्क हा या सरकारचा सर्वांत मोठा उत्पन्नस्रोत असल्याने तिजोरीचे गणितही याच वाऱ्यांशी बांधलेले आहे.

तिथल्या लोकांनी वर्षाचे दोन भाग आकाश पाहून ठरवले आहेत. ज्या तारकापुंजाला आपण कृत्तिका म्हणतो, तो संध्याकाळी पूर्वेला दिसू लागला की औमेआंग हा पश्चिमेच्या वाऱ्यांचा, पावसाळी ऋतू. आणि ज्येष्ठा नक्षत्रातील तांबडा तारा संध्याकाळी वर येऊ लागला की औमाइआकी हा कोरडा ऋतू. आपल्या कार्तिक आणि ज्येष्ठ महिन्यांची नावे त्याच दोन नक्षत्रांवरून पडली आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेळापत्रक दिनदर्शिकेशी सहज ताडून पाहता येते.

चौथी पायरी: वाळूखालचे गोडे पाणी

ही पायरी ओलांडून कोणी पुढे जाऊ नये, कारण लोकसंख्येचे कोडे येथेच सुटते. एका काचेच्या पेल्यात दाट मिठाचे पाणी घ्यावे. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळावा, आणि ते पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश पेल्यात सोडावे. रंगीत गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगत राहते. आता चमच्याने जरा ढवळावे. थर नाहीसा होतो आणि सगळेच पाणी खारट होते.

कंकणद्वीपाच्या वाळूत हेच घडलेले असते. पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. तत्त्वतः समुद्रपातळीच्या वर एक भाग गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस भाग असावे असा नियम आहे, परंतु भरती-ओहोटीने दोन्ही पाणी मिसळत राहिल्याने प्रत्यक्षात थर पातळ असतो. बेट काहीशे मीटर रुंद असेल तरच भिंग नीट टिकते. अरुंद पट्ट्यात विहीर खणली तर खारेच पाणी लागते. लांबलेला दुष्काळ, प्रमाणाबाहेर उपसा आणि किनारा ओलांडून आत शिरलेली समुद्राची लाट या तिन्ही गोष्टी चमच्याने ढवळण्यासारख्याच आहेत. समुद्रपातळी वाढल्याने देश ‘बुडणार’ असे वारंवार लिहिले जाते. माझ्या मते त्याआधी येणारे आणि अधिक जवळचे संकट विहिरी खारट होण्याचे आहे, आणि अभ्यासाची सुरुवात तिथून व्हावी.

या भिंगावर तिथली शेती उभी आहे. बाबाई हे अळूच्या कुळातील, पण माणसाहून उंच वाढणारे कंदमूळ. त्यासाठी वाळूत गोडे पाणी लागेपर्यंत मोठा खड्डा खणतात, तळाच्या ओल्या चिखलात रोप लावतात, बुंध्याभोवती केवड्याच्या पानांचे विणलेले कडे बसवतात आणि त्यात पाला-पाचोळा भरून माती तयार करतात. एकेक कंद वर्षानुवर्षे वाढवला जातो आणि सणसमारंभात पानात वाढला जातो. खड्ड्यात एकदा समुद्राचे पाणी शिरले की कित्येक वर्षांची ही मेहनत वाया जाते. बाकी झाडे कोकणच्या वाचकाला ओळखीची: माड, केवडा, नीरफणस. माडाच्या पोगीतून काढलेल्या ताज्या गोड रसाला तिथे करेवे म्हणतात, आणि तो आटवून काकवीसारखा पाक करतात, त्याचे नाव कमाइमाइ.

पाचवी पायरी: माणसांची घनता टप्प्याटप्प्याने काढणे

आता वहीत चार ओळी आखाव्यात. पहिल्या ओळीत १ लाख २० हजारांना ८११ ने भागावे. घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे १४८ येते आणि ती अगदी सौम्य वाटते. दुसऱ्या ओळीत किरितिमाती वेगळे काढावे, कारण या एका बेटाची जमीन ३८८ चौरस किलोमीटर असून तिथे सुमारे सात हजारच माणसे आहेत. पाऊस कमी, जमिनीचा मोठा भाग खारट पाण्याच्या तळ्यांनी व्यापलेला, आणि राजधानीपासूनचे अंतर प्रचंड. उरलेल्या देशाची घनता २६० च्या पुढे जाते. तिसऱ्या ओळीत राजधानीचा भाग असलेला दक्षिण तारावा घ्यावा: सुमारे १५ ते १६ चौरस किलोमीटरच्या पट्टीत ६३ हजार माणसे, म्हणजे दर चौरस किलोमीटरला चार हजार. चौथ्या ओळीत त्याच पट्टीच्या पश्चिम टोकाचे बेटिओ: दोन चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागा आणि २०१५ मध्ये सतरा हजारांहून अधिक लोक. एकाच देशाची सरासरी चार ओळींत १४८ वरून दहा हजारांच्या आसपास पोचली.

ही गर्दी का झाली, याची कारणे साधी आहेत. बंदर बेटिओला, सरकारी कचेऱ्या बाइरिकीला, विमानतळ बोनरिकीला, शिवाय मोठे रुग्णालय आणि वरच्या वर्गांच्या शाळाही याच पट्टीवर. बेटिओ आणि बाइरिकी यांना जोडणारा भरावाचा रस्ता १९८७ मध्ये झाला आणि पट्टी सलग झाली. बाहेरच्या बेटांवर रोख उत्पन्न म्हणजे मुख्यतः सुके खोबरे. १९७८ च्या जनगणनेत सुमारे ५६ हजार असलेली लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली आहे, आणि आज सुमारे एक तृतीयांश लोक पंधरा वर्षांखालील आहेत.

राजधानीला पाणी पुरवणारी मुख्य भिंगे बोनरिकी आणि बुओता येथे, पट्टीच्या रुंद भागाखाली आहेत. त्यांच्यावरची जमीन मोकळी ठेवावी लागते, तर वाढत्या वस्तीला तीच जमीन हवी असते. शौचकूप आणि उथळ विहिरी शेजारीशेजारी आल्यावर वाळूतून काय काय झिरपते, हे वेगळे सांगायला नको. लहान मुलांमधील अतिसार हा तिथला जुना आणि वेदनादायक प्रश्न आहे.

सहावी पायरी: स्वतःची परीक्षा

शेवटी एक उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. १९३८ पासून गिल्बर्ट बेटांवरील वाढत्या वस्तीसाठी फीनिक्स गटातील ओरोना, मनरा आणि निकुमारोरो या बेटांवर कुटुंबे नेऊन वसवण्यात आली. जमीन मोकळी होती, माड लावता येत होते, मासे मुबलक होते. वर मिळालेली माहिती घेऊन वहीत उत्तर लिहावे: ही बेटे वाररेषेच्या कोणत्या बाजूला आहेत, विषुववृत्तालगतच्या थंड पाण्यामुळे तिथे पाऊस कसा असेल, लहान बेटाखाली भिंग किती जाड असेल, आणि ला निनाची दोन वर्षे सलग आली तर जवळचे बंदर किती दिवसांवर असेल. उत्तर लिहून झाल्यावर पुढे काय घडले ते ताडून पाहावे. पुन्हापुन्हा दुष्काळ पडला, विहिरी खारट झाल्या, आणि १९६३ पर्यंत सर्व वसाहती उठवून लोकांना सॉलोमन बेटांवर हलवण्यात आले. आज फीनिक्स गटात केवळ कँटन बेटावर मूठभर माणसे राहतात, आणि भोवतालच्या ४ लाख ८ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा, म्हणजे महाराष्ट्राहून मोठ्या सागराचा, २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.